सुधाकाकूंचं बिननावाचं झाड

पिपलानी टाउनशिपमधल्या आमच्या बागकाम ग्रुपमध्ये मोजून चौघं. मी, नागपूरच्या जोशीवहिनी, शाळेत बायोलॉजी शिकवणारी मंजिरी आणि रिटायर्ड इंजिनिअर गोखलेकाका. आमच्याकडे झाडांपेक्षा किस्सेच जास्त उगवतात, त्यांना खत लागत नाही ना! आणि त्यातले निम्मे एकाच कुंडीचे.

ती कुंडी सुधाकाकूंची, काकांच्या बायकोची. हा किस्सा सुरू झाला तेव्हा काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. बाकीची झाडं काकांनी वाटून टाकली, ही एक ठेवली. जिभेसारखी जाड पानं, त्यांवर पांढरे ठिपके. नाव कुणालाच माहीत नव्हतं.

"तिला विचारू विचारू म्हणत राहूनच गेलं," काका म्हणाले. "तुम्ही शोधा. आणि हे मरता कामा नये हं. तिच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलंय घरात."

झालं! आम्ही तिघी पदर खोचून तयार.

* * *

मंजिरीने मोबाइलवर झाडं ओळखणारं ॲप उघडलं. समोरून फोटो काढला, तर म्हणे कोरफड. वरून काढला, तर निवडुंग. तिसऱ्यांदा उत्तर आलं, कोबी! बघतो तर काय, फोटोत मागे वहिनींची भाजीची पिशवी.

"माझा कोबी तर बरोबर ओळखला ना?" वहिनी म्हणाल्या. "मग चांगलंच आहे की जी तुमचं ॲप!"

* * *

नाव मिळेना, पण सेवा जोरात सुरू. वहिनींनी ताक घातलं, मी चहाचा चोथा. पानं पिवळी पडून लिबलिबीत व्हायला लागली. मंजिरीने सगळ्यांना ओळीत बसवून उलटतपासणी घेतली.

"मी तर काहीच घालत नाही बुवा," काका म्हणाले. "फक्त देवपूजेचं पाणी."

"किती?"

"तांब्याभर. देवांच्या अंघोळीचं पाणी सिंकमध्ये कसं ओतणार? पायदळी नको म्हणून रोज याच कुंडीत. सोमवारी अभिषेकाचं दूधही!"

मंजिरीने कपाळावर हात मारला. "काका, हे झाड पानांतच पाणी साठवतं. तुम्ही रोज बुडवताय त्याला!"

काकांचा चेहरा एवढासा झाला. मलाही वाईट वाटलं, कारण चोथा तर माझाच होता.

* * *

रविवारी ऑपरेशन झालं. काका आतल्या खोलीत जाऊन बसले. "मधलं काही सांगू नका. डायरेक्ट रिझल्ट सांगा."

मुख्य झाड बुडातून सडलेलं. वरवर उकरल्यावर कडेचं एक पिल्लू तेवढं धडधाकट निघालं, बोटभर. त्याच्या जखमेला हळद लावली, चार दिवस सावलीत पेपरवर सुकवलं आणि वाळू जास्त, माती कमी करून नव्या कुंडीत लावलं. पाणी पंधरा दिवसांनी, तेही मंजिरीच्या परमिशनने.

जुनी कुंडी काकांनी फेकू दिली नाही. मातीसकट जिन्याखाली ठेवली.

* * *

मग काका आठ दिवस इंदूरला लग्नाला गेले. किल्ली वहिनींकडे. रोज व्हिडिओ कॉल, "जरा दाखवा हो त्याला."

पाचव्या दिवशी वहिनींनी फोन उचलला आणि हळूच म्हणाल्या, "आत्ताच झोपलंय लेकरू. उद्या करा!"

आणि काकांनी खरंच दुसऱ्या दिवशी केला.

* * *

दुसरा हिवाळा सरता सरता त्याच लेकराने दांडा काढला! हातभर लांब, त्यावर गुलाबी फुलं लोंबलेली, खाली फुगीर, टोकाला हिरवी. मंजिरी किंचाळलीच, "गॅस्टेरिया! पोटासारखं फूल म्हणून हे नाव! गॅस्टेरियाच आहे हे!"

"म्हणजे ढेरीवालं," वहिनींनी लगेच मराठीत करून दिलं.

आम्ही ते टाउनशिपच्या फ्लॉवर शोमध्ये ठेवलं आणि पहिलं प्राइज मारलं! माइकवर पुकारलं, "सुधा गोखले!" फॉर्मवर काकांनी तेच नाव लिहिलं होतं. काका ताठ मानेने स्टेजवर गेले. वहिनींनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पाहुणेच दचकले.

* * *

गेल्या महिन्यात त्याला चार पिल्लं आली. चौघांना एकेक वाटायची, तर कुंड्या कमी पडल्या. मी जिन्याखालची ती जुनी कुंडी आणून उपडी केली. मातीतून आइस्क्रीमचा प्लॅस्टिकचा चमचा पडला. काका दर दिवाळीला वरून माती घालत गेले, त्यात तो गाडला गेला असणार. धुतला तर त्यावर लाल नेलपॉलिशने काकूंचं अक्षर:

"अहो, पाणी नको!"

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा एकदा वाचलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाले,

"बरं. नाही घालत."