बिननावाचा मासा

मासा शेपटीला धरून ती उंच करायची आणि म्हणायची, "नाव सांगा, मग घ्या."

नव्वदच्या दशकात नाशिकच्या मासळी बाजारात गेला असाल, तर तुम्हालाही तिने अडवलं असेल. डहाणूकडची बाई. आपण नाशिककर माशाला मासाच म्हणणार. मी ओझरला कारखान्याजवळ नुकतीच खानावळ काढली होती. पहिल्याच दिवशी म्हणालो, "तो चपटा द्या."

"चपट्याला नाव हाय. सरंगा."

"नावाने चव वाढते का?"

"तुमाला शेट म्हटल्यावर वाढली ना?"

घासाघीस करण्यात मला बाजारात कोणी हरवत नसे. ती भाव सोडायची, नाव नाही. बोंबील, मांदेली, मुडदुशी, घोळ. शाळेत पाढे म्हटले नाहीत एवढं मी तिच्यापुढे म्हटलं.

पुढे मी चलाखी केली. तिच्याकडून स्वस्तातला कुपा घ्यायचा आणि फळ्यावर सुरमई लिहायची. एका दुपारी ती स्वतःच जेवायला आली. ताट बघून सगळ्यांदेखत म्हणाली, "शेट, हा तर माझा कुपा. सुरमई कधी झाला?" कारखान्यातली माणसं हसली आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. मी तिला नको नको ते बोललो. बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? तो राग अजून गेलेला नाही.

आठवड्याने तीच कोकम-तिरफळं घेऊन दारात. "फळ्यावर कुपा लिवा. मी रांधून दावते."

लिहिलं. गिऱ्हाईक परत आलं. आभार मी मानले नाहीत.

एकदा मात्र ती सापडली. टोपलीत ठिपक्यांचा एक निळसर मासा होता. मी म्हणालो, "मावशी, आता तुम्ही नाव सांगा."

तिने तो बराच वेळ उलटसुलट पाहिला. "ठावं नाय."

"कायपण सांगा. मला काय कळतंय?"

"म्हनून तर नाय सांगत."

दुप्पट भाव दिला, तरी विकला नाही. डहाणूला थोरल्या भावाला दाखवते म्हणाली आणि बर्फात गुंडाळून घेऊन गेली. तिकडेच तापाने गेली.

आता तिच्या जागेवर सून बसते. नाव न विचारता मासळी पिशवीत टाकते. मी पिशवी धरून उभाच राहतो, "मांदेली" म्हणतो, मग निघतो.

"मांदेलीच हाय की काका," ती म्हणते. "कोन नाय म्हनतंय?"

त्या निळसर माशाचं नाव मात्र मी तिला विचारलेलं नाही. तिने उगाच काहीतरी सांगून टाकलं तर.