नीळ लागलेला सदरा

दत्ताभाऊजींचा फोन आला तेव्हा मी कपडे भिजवत होते. हात साबणाचे, म्हणून फोन कोपरानं दाबून स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, "बाई... इंदू गेली." दत्ताभाऊजी माझे धाकटे दीर, इंदू त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ. वाशीमच्या दवाखान्यात पंधरा दिवस होती. आधी ताप, मग कावीळ, मग किडन्या. मी ओल्या हातांनी तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसले, आणि खरं सांगते, मला आधी रडू नाही आलं, राग आला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान बाई माझ्या आधी जाते म्हणजे काय! मोठ्यांचा मान ठेवायची तिला भारी हौस होती ना?

तेरवीला मांडवात बायकांची कुजबुज सुरू झाली. "फवाऱ्याच्या औषधानंच गेली, पाय. गावभराचं जहर हातानं उचलून राह्यली होती." उचलली जीभ लावली टाळ्याला. मी ताडकन उठले. मला त्यांना गप्प करायचं होतं की त्यांच्या सुरात सूर मिळवायचा होता, ते आजही सांगता येणार नाही. पण तेवढ्यात कानात इंदूचाच आवाज आला, "मोजलं काय, बाई?" ...आणि मी खाली बसले.

गावात मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून सगळं गाव मला बाई म्हणतं. इंदूही त्यातलीच, जाऊबाई म्हणून हाक तिनं कधी मारली नाही. पोहरादेवीकडची पोरगी. बारावी सायन्स झालेली, नर्स व्हायचं मनात होतं, पण बापानं स्थळ पाहिलं आणि जऊळक्याजवळच्या आमच्या गावात आणून टाकली. भाकरी थापताना पुड्याचा कागद वाचायची आणि भाकरी करपवायची. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. मी तिला म्हणायचे, "इंदे, तुह्या भाकरीत अक्षरं उमटतात वं." ती खो खो हसायची.

चार वर्षांपूर्वी एका मेडिकल कॉलेजची माणसं गावात आली. शेतात तणनाशक मारतात, त्यातलं माणसाच्या अंगात किती जातं, हे त्यांना मोजायचं होतं. फवारणाऱ्यांच्या अंगात किती, त्यांच्या घरच्यांच्या किती, आणि ज्यांचा शेताशी संबंधच नाही अशांच्या किती. गावातली एखादी शिकलेली बाई हवी होती. मीच इंदूचं नाव सुचवलं. हेही लिहून ठेवते, कारण लपवायची सवय मला एकदा महागात पडली आहे.

काम असं होतं. फवारा मारायला निघालेल्या माणसाच्या सदऱ्याला छातीवर, पाठीवर आणि बाह्यांवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या टाचायच्या. संध्याकाळी तो सदरा पट्ट्यांसकट, न धुता, पिशवीत घ्यायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी बाटलीत. पहिल्या आठवड्यात गावानं तिची अशी टर उडवली की विचारू नका. बर्फाचा डबा घेऊन ती एसटीनं शिरपूरला जायची, तर कंडक्टर विचारायचा, "वैनी, कुल्फी हाये काय?" शिरपुरातल्या एका जैन किराणा दुकानदारानं तर बाटली सुताच्या दोऱ्यानं बांधून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पेढ्याच्या खोक्यात घालून दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाली, "काकाजी, बिनशेतीचे तुमीच पयले." तो म्हातारा पुढे दर हंगामात स्वतःहून बाटली मागायचा.

पहिल्या हंगामाचे निकाल आले आणि कॉलेजचे साहेब तडकले. सदऱ्यांत आणि पट्ट्यांत जवळजवळ काहीच नाही! दिवसभर पाठीवर पंप घेऊन सोयाबीनमध्ये फिरलेल्या माणसांच्या सदऱ्यांत काही नाही, म्हणजे या बाईनं घरी बसून पिशव्या भरल्या, असं ते तोंडावर बोलले. इंदूचं काम जाणार होतंच, पण तिला ते लागलं नव्हतं. तिला खोटं म्हटलं, ते लागलं. ती घरोघर विचारत फिरली, "सदरा धुतला होता काय?" प्रत्येक घरी उत्तर एकच, "नाई बाप्पा, तू सांगतलं होतं ना." शेवटी आमच्या घरी आली. मीही म्हणाले, "नाही."

तिनं कॉलेजातून परत आलेल्या पिशवीतून आमच्या ह्यांचा सदरा काढला, कॉलर उलटी केली आणि माझ्यासमोर धरली. "मंग बाई, नीळ काहून लागली याले?"

आता काय सांगू! मी धुतला होता. साबणानं घासून, नीळ देऊन, वाळवून, वर इस्त्री फिरवून दिला होता, आणि पट्ट्याही धुऊन जशाच्या तशा परत टाचल्या होत्या. पिशवीवर घराचं नाव लिहिलेलं, आणि तो सदरा शहरातले डॉक्टर उघडणार. मास्तरणीच्या घरून घामानं, औषधानं दरवळणारा सदरा जायचा? माझ्यानं ते झालं नाही. गावातल्या सगळ्या बायकांनी तेच केलं होतं, एकमेकींना न विचारता. परक्या माणसाच्या हातात मळका कपडा द्यायचा नाही, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

पकडली गेले म्हणून मीच तिच्यावर उखडले. "धुतला तं धुतला! तुह्या साहेबाले वास देऊ काय?" ती रागावली नाही. उंबऱ्यावर बसली, सदरा मांडीवर घेऊन. निळीच्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाई, सदऱ्यातलं गेलं कोठी मंग?" आणि तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी ती माझ्यासाठी बाटली घेऊन आली. साहेबांशी भांडून तिनं कपडे धुणाऱ्या बायकांना यादीत घालायला लावलं. आधी त्यांच्या कागदावर आम्ही नुसत्या 'घरच्या' होतो, आणि घरच्यांपैकी थोड्यांच्याच बाटल्या घेत. मी वर्षभर शेतात पाय ठेवला नव्हता, तरी माझ्या बाटलीत तणनाशक निघालं. आणखीही कितीतरी जणींच्या निघालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मी घाबरले, तर माझा हात धरून म्हणाली, "निघालं म्हंजे बिमारी झाली असं नाई, बाई. निघालं म्हंजे निघालं, येवढंच. जेवढं मोजलं तेवढंच बोलाव." सगळ्या शाळेला शिस्त लावणारी मी, त्या दिवशी तिच्याकडून शिकले.

त्यानंतर गावात नवी रीत पडली. फवाऱ्याचा सदरा घरात आणायचा नाही, गोठ्याबाहेर खुंटीला टांगायचा. तो धुवायला वेगळी बादली, हातात रबरी मोजे. आमच्या दोन्ही घरांत मिळून तिनं एक लाल बादली आणली आणि कडीला चिंधी बांधून ठेवली, चुकून कोणी दुसऱ्या कामाला घेऊ नये म्हणून. मला मोजे दिले, स्वतः मात्र घाईत असली की पिशव्या उघड्या हातांनीच बांधायची. मी ओरडायचे, "तुही बाटली कधी देतं?" तर म्हणायची, "माह्यं नाव कुठं यादीत हाये? बाकीच्याइचं होऊ द्या." मोजणाऱ्याला मोजायचं नाही, असा काही नियम होता म्हणे. मी तो नियम कधी नीट विचारला नाही. जिनं माझं नाव भांडून यादीत घातलं, तिचं नाव घाला म्हणून मी एकदाही भांडले नाही. ही गोष्ट मला आतून खाते...

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते. माझा हात हुंगला आणि क्षीण हसली. "नीळ," एवढंच म्हणाली.

ती कशानं गेली, मला माहीत नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय ते लिहिलंय, पण औषधाचा काही संबंध होता का, हे कोणी तपासलं नाही. होता म्हणून ओरडले तर ते तिला आवडणार नाही, आणि नव्हता असंही माझ्यानं म्हणवत नाही. मोजलंच नाही. तिच्याबाबतीत एवढंच खरं बोलता येतं, आणि त्यासारखं वाईट वाटणारं मला दुसरं काही सुचत नाही.

तेरवीनंतर तिचे कपडे धुऊन वाटायला काढले. तेव्हा गोठ्याबाहेरची लाल बादली दिसली. तापानं पडायच्या आदल्या दिवशी जी हिरवी साडी नेसून ती पिशव्या गोळा करत फिरली होती, ती त्या बादलीत तशीच पडलेली होती, पदराला मातीचा हात पुसलेला. दत्ताभाऊजी म्हणाले, "धुऊन टाका बाई, कोणाले तरी होईन." मी कॉलेजच्या साहेबांना फोन लावला, ही साडी तपासता का म्हणून. ते बिचारे हळू आवाजात म्हणाले, इतक्या दिवसांनी आता त्यातून काही कळायचं नाही.

साडी अजून बादलीत आहे. रोज मी मोजे घालते, नळ सोडते, आणि बंद करते. तिनं न धुता मागितला तेव्हा सदरा धुऊन दिला. आता कोणी मागत नाही, आणि ही साडी माझ्यानं धुववत नाही.