ब्रेक काढलेली माझी सायकल

मंडळी, माझी जुनी पोलादी रेसिंग सायकल नातीने मनीमाजऱ्यातून 'फिक्सी' करून आणली. गिअर काढले, ब्रेकही काढले. म्हणे छान दिसते! पिसं काढलेली कोंबडी नुसती.

आज सकाळी सवयीने डावा पाय पायडलवर ठेवून टांग टाकायला गेलो. हिचं पायडल चाकाबरोबर फिरतच राहतं. मी थेट तुळशीच्या कुंडीवर.

"आजोबा, ब्रेक की ज़रूरत ही नहीं, पैरों से रोकते हैं," नात म्हणाली.

"आणि समोर बस आली तर?"

"आप भी ना!"

एवढी अक्कल यायला इंजिनिअर व्हावं लागतं. मी सातवी नापास, मला ब्रेक लागतो.

उद्या ती याच सायकलवरून मोहालीला ऑफिसला जाणार आहे. पुढचा ब्रेक मी भंगारातून उचलून ठेवलाय. तिला न विचारता बसवू का?