आफ्रिकेला जाणारं खोकं

चिकटपट्टीचा वास आला की मला कुडवा गावातल्या चर्चचा हॉल आठवतो. मी नर्स, चर्चच्या वैद्यकीय शिबिरासाठी पहिल्यांदाच आफ्रिकेला निघाले होते. खोक्यात औषधं भरत असताना हॉल झाडणारी बाई साखरेच्या आजारानं चिघळलेला पाय ओढत आली. "एवढ्या गोळ्या हायेत बाई, मले चार देल्या तं का होते?" "त्या तिकडच्या गरिबांसाठी आहेत," म्हणत मी चिकटपट्टी लावून खोकं बंद केलं. महिन्याभरानं परतले तेव्हा चर्चमधले सगळे हार घेऊन उभे होते. तीही होती, कुबडीवर, पाय गुडघ्याखाली कापलेला. "तिकडचे लोक बरे झाले का, बाई?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. आजही कोणी माझ्या सेवेबद्दल विचारलं की मी आफ्रिकेचेच फोटो दाखवते.