दीड मिनिटाचं जपानी गाणं आणि महिपतीतात्या

पळसदेवच्या महिपतीतात्यांनी दुसऱ्या कुणाच्या वाजवण्याला बरं म्हटल्याचं आजवर ऐकिवात नाही. अठ्ठावीस वर्षं ते लग्नांत बेंजो वाजवतात, शेजारी कॅसिओवर जळोचीचा नागेश. माणसं दोनच, पण टेम्पोवर नाव एकट्या तात्यांचं. सूर तात्यांनी धरायचा, नागेशनं मागून यायचं. एवढ्यावर जोडी टिकली होती.

इंदापूरच्या एका कार्यालयातल्या लग्नाची सुपारी आली, तेव्हा नवरी मुलगी सुकन्या स्वतःच फोनवर बोलली. मांडवात येताना तिला एका जपानी कार्टूनचं सुरुवातीचं गाणं हवं होतं.

"गाणं करणारे दोघंच हाईत तात्या, तुमच्यासारखे," ती म्हणाली. "एक गातो, एक गिटार वाजवतो. कार्टूनची गोष्ट आधी वाचत्यात, मग चाल लावत्यात. पंचवीस वर्षं हेच."

फोन ठेवून तात्या थुंकले. "पंचवीस वर्षं चित्रांला चाली लावत्यात! आन् मला त्यांच्या रांगंत बसवती. गाणं केवढं, तर दीड मिनिट. तेवढ्यात माझी तार बी लागत न्हाय."

"पुरं गाणं चार मिनटांचं हाय," नागेश म्हणाला. "कार्टूनला तेवढाच तुकडा घेत्यात. पुढची कडवी अवघड हाईत. बसू या का दोन दिस?"

"तूच बस. दीड मिनटाच्या वर मी बोट हलवणार न्हाय."

नागेश बसला. महिनाभर त्या दोघांची जुनी-नवी गाणी ऐकत राहिला. सुरुवातीला त्यांना ऐकायला चार माणसंही येत नसत, मग एका कार्टूननं नाव झालं, हे त्यानं कौतुकानं सांगितलं. तात्या म्हणाले, "म्हंजे चित्रानं तारलं. बाजानं न्हाय."

लग्नात ते दीड मिनिट झकास झालं. सुकन्याच्या मैत्रिणींनी आरोळ्या ठोकल्या आणि तात्यांनी मान डोलावून सगळं कौतुक एकट्यानं घेतलं. पण नवरी अर्ध्या वाटेवर असतानाच माइकवाल्याला कारखान्याचे एक संचालक दारात दिसले. झालं. नवरीला तिथंच उभं करून फेटा, शाल, नारळ सुरू झालं. नवरी स्टेजवर चढेपर्यंत बाजा थांबवायचा नाही, हा नियम खुद्द तात्यांचाच. गाणं तर संपलेलं. तेच पुन्हा धरायला त्यांनी हात उचलला, तोवर नागेश पुढच्या कडव्यात शिरला होता.

"कुठं निघालास रं?"

"पुढं."

"मला येत न्हाय ते!"

"मग ऐका, तात्या. सापडंल तितं धरा."

तात्यांनी दोनदा धरून पाहिलं, दोन्ही वेळा भलतीच कळ दाबली. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. नागेश मात्र तिसऱ्या कडव्यापर्यंत गेला आणि सुकन्याला स्टेजवर पोचवूनच थांबला. तात्या मांडीवर हात ठेवून बसले होते.

जेवणाआधी संचालक फेटा सावरत आले ते थेट नागेशकडं. "पुतणीच्या लग्नाला येशील का?"

"येऊ की आमी," तात्याच बोलले.

नागेशनं त्यांच्याकडं बघितलं. "या तुमी. पण सूर मी धरणार. आन् आधी महिनाभर बसायला लागंल."

तात्यांनी बेंजोवरची धूळ फुंकली.

"बसू," ते म्हणाले. तेही अशा थाटात, की नागेशवर उपकारच करतायत.