गुळाचं दूध आणि थोरलीचा पाट

शाहू छत्रपतींच्या राज्यात मंगळवार पेठेत दोन जावा एका घरात नांदत होत्या. सख्य कसलं म्हणाल, तर विळ्या-भोपळ्याचं!

थोरली धोंडुबाई. नवरा गेला आणि घरातली तिची किंमतही त्याच्यासंगं मसणात गेली. धाकटी बायडाबाई म्हणजे कर्त्या आण्णाची बायको. चाव्या कमरेला, जीभ मोकाट. "फुकटचं गिळतीया," हे तर धोंडुबाईच्या ताटात रोजचं तोंडीलावणं.

कोजागिरीला मात्र बायडी अडायची. आण्णानं विलायती साखर घरात बंद केलेली, दूध गुळाचंच करायचं, आणि ते जमायचं एकट्या धोंडुबाईला. सुंठ-वेलदोडे घालून ती म्हशीचं दूध आटवायची, पातेलं उतरवायची आणि बोटाला सोसेल इतकं निवल्यावरच चिरलेला गूळ घालायची. भावकी वाट्या चाटूनपुसून ठेवायची.

त्याच दिवशी घरातल्या थोरल्या लेकराला पाटावर बसवून ओवाळायचं, पहिली वाटी त्याला द्यायची. थोरली होती धोंडुबाईची शालू, नऊ वर्षांची. पण चार वर्षांमागं तिचा बाप मेला तेव्हापासून पाटावर बसायचा बायडीचा कृष्णात, सात वर्षांचा! शालू दाराआड. धोंडुबाई पडली विधवा, तिनं ओवाळलेलं चालत नव्हतं. ती नुसती आतल्या आत जळायची.

त्या साली गडमुडशिंगीहून आण्णाचे पिराजीमामा दुधाची भरली घागर घेऊन आले. अंगणात भावकी जमली. दुधाला उकळी फुटली तशी बायडीनं धोंडुबाईच्या हातातली पळी हिसकली.

"हो बाजूला अक्का. लई टिमकी वाजीवलीस. औंदा दूध माझ्या हातचं."

आणि गुळाचा खडा उचलला.

"बायडे, आगं आधी उतरव..."

"तोंड बंद ठेव! मला शिकवतीस व्हय?"

बरं. धोंडुबाईनं तोंड बंद ठेवलं. का म्हणून सांगावं तिनं दुसऱ्यांदा?

खडा पडला आणि दूध फुटलं. गाठी वर, पाणी खाली. सगळ्या भावकीसमोर!

"हिनंच कायतरी घातलं!" बायडी किंचाळली. "पांढऱ्या पायाची!"

"गप की गं," पिराजीमामा ओरडले. "गूळ कुणी टाकला ते समद्यांनी बघितलंय. आता आम्ही काय पाणी पिऊन जायाचं व्हय?"

आण्णाची मान खाली गेली. "वैनी, घागरीत दूध हाय. दुसरं चढवा."

धोंडुबाई जागची हलली नाही. "चढवते. पण माझी शालू पाटावर बसंल, आणि तिला बायडी ओवाळंल. न्हायतर खुशाल पाणी प्या."

आण्णानं बायकोकडं बघितलं, बायकोनं जमिनीकडं.

चांद माडीवर यायच्या आत दूध झालं, तांबूस, दाट. कृष्णात रडत पाटावरून उठला. शालू बसली, पण अंग चोरून, कुणी ऊठ म्हणंल या भीतीनं. बायडीनं निरांजन फिरवलं.

वाकून तिनं जावेच्या कानात विष ओतलं, "पुढच्या साली बघते तुला."

"बघ की," धोंडुबाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पण आधी माझ्या लेकीला वाटी दे."

बायडीनं वाटी पुढं केली. शालूनं घेतली नाही, आधी आईकडं बघितलं. चार वर्षांत तिच्या पुढ्यात पहिली वाटी कधी आलीच नव्हती.