गेंड्याच्या शिंगाची वाटी

त्र्यंबकेश्वरात कुशावर्ताच्या पायऱ्यांशी कमळाबाई चाळीस वर्षं दर्भ आणि काळे तीळ विकत आली. घरात जपण्यासारखं एकच होतं: आजेसासऱ्यांनी कुठूनशी आणलेली गेंड्याच्या शिंगाची वाटी. तिच्यातून सोडलेल्या पाण्यानं पितर वर्षानुवर्षं तृप्त राहतात, असं आख्खी आळी मानायची. पितृपक्षात वाटी घरोघर फिरायची.

यंदा ती कुणालाच मिळाली नाही. कमळाबाईचा एकुलता एक मुलगा मनोज गेल्या वर्षी घाटात मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याचं हे पहिलं तर्पण.

तिथीच्या आदल्या दिवशी भाची स्नेहा आली. ती नाशिकला वनखात्यात.

"मावशी, वाटी जमा करावी लागेल. घरात ठेवणं गुन्हा आहे."

"मी काय गेंडा मारायला गेले होते?"

"कुणीतरी गेलंच होतं ना." स्नेहाचा आवाज उतरला. "इतके मारले की शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडचे जेमतेम दोनशे उरले होते. मग राखले. आता चार हजारांवर गेलेत. धोका टळला नाही, पण धोक्यातल्या प्राण्यांच्या जगाच्या यादीत एक पायरी कमी झाला."

"मोजतं कोण त्यांना?"

"माणसं. हत्तीवर बसून, उंच गवतात शिरून. एकेक."

कमळाबाईनं मनात घरची माणसं मोजली. ती लग्न होऊन आली तेव्हा या घरात अकरा ताटं लागायची. आता एक.

"उद्याचा दिवस राहू दे," ती म्हणाली. "मग ने."

दुसऱ्या दिवशी कुशावर्तावर तर्पण सांगायला बसलेल्या ज्ञानेश गुरुजींनी हात पुढे केला. "वाटी द्या, काकू."

"नको. ओंजळीनंच देते."

"अहो, एवढी वाटी असून?"

"कुणाला मारून ओरबाडलेलं ते. त्यातून पोराला कसं पाजू?"

ओंजळ नीट जमेना. पाणी बोटांतून गळून गेलं. मनोजपर्यंत किती पोचलं कोण जाणे.

शेवटी, ज्यांच्यामागे पाणी द्यायला कुणीच नाही त्यांच्या नावानं पाणी सोडतात. गुरुजींनी तो मंत्र धरला, तशी तिनं पदराखालून वाटी काढली, तीळ-पाणी भरलं आणि सावकाश सोडलं.

"काकू, हे कुणाला?"

"ज्याची होती त्याला."

वाटी पुसून तिनं पायरीवर थांबलेल्या स्नेहाच्या हातात दिली. कमळाबाईच्या मागं आता पाणी द्यायला कुणी नव्हतं; पुढं कधी तिला पाणी मिळालंच, तर ते असंच कुणा परक्याच्या हातून, याच शेवटच्या मंत्राला, त्या जनावराच्या पंगतीत.

पायरीवर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिनं दर्भाची टोपली पुढे ओढली.